लाइन लागते, पण टिकत नाही

येवल्याचा एसटीडी कोड ०२५५९ आणि नाशिकचा ०२५३. मोबाइल हातात घेऊनच वाढलेल्या पोरांना या दोन आकड्यांतला फरक सांगायला गेलं तर ती नुसती बघत राहतात. पण १९९५ नंतरची आठ-दहा वर्षं तालुक्याच्या गावातून इंटरनेट जोडायची खटपट ज्यांनी केली, त्यांचा सगळा जमाखर्च या फरकात होता. एक एसटीडी कोड म्हणजे खात्याच्या भाषेत एक एसडीसीए, ढोबळमानाने एक तालुका. त्याच्या आत बोललात तर लोकल कॉल, शीव ओलांडलीत की एसटीडी. इंटरनेटचं दार सुरुवातीला मोजक्या मोठ्या शहरांत उघडत होतं, म्हणजे येवलेकराला तिथला नंबर एसटीडीनेच फिरवावा लागायचा. रात्री उशिरा दर उतरायचे म्हणून लोक जागायचे. आणि निम्मी फाइल उतरलेली असताना लाइन तुटायची. तेवढ्या वेळाचं मीटर पडलेलं असायचंच, फाइल मात्र पुन्हा पहिल्यापासून.

साध्या टेलिफोन लाइनवर मोडेम भरवशाने कसा चालवायचा, यावर त्या काळात जी चर्चा झाली ती बहुतेक डब्याभोवती फिरायची. कुठल्या कंपनीचा मोडेम घ्यावा, संगणकाच्या आतला की बाहेरचा, ३३.६ किलोबिटचा की ५६ चा. दुकानदारालाही हेच प्रश्न सोयीचे, कारण त्यांची उत्तरं फळीवर मांडता येतात. माझं मत असं, की डबा हा या प्रश्नातला सगळ्यात लहान वाटेकरी होता. खरी गोम घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या तांब्याच्या जोडीत होती, तिच्यातल्या सांध्यांत होती. आणि ज्यांचं काम त्या काळातही अडलं नाही, त्यांनी वेगाचा हव्यास आधीच सोडून दिला होता.

मुळात टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. आवाज ओळखू यावा एवढ्यापुरता ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो, म्हणून एक्स्चेंजही तेवढाच पुढे जाऊ देतं. संगणकाचे शून्य-एक त्या अरुंद पट्ट्यात बसतील अशा सुरांत बदलायचे आणि पलीकडे सुरांचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे मोडेमचं काम. त्यातून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकेल याचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडून ठेवलं होतं. लाइनवरच्या खरखरीपेक्षा संदेशाची ताकद तीनेक हजार पट असेल, आणि चांगल्या शहरी लाइनवर ती तेवढी असायची, तर सेकंदाला साधारण ३६,००० बिट. खरखर दहापट वाढली तर मर्यादा २६,००० च्या आसपास येते. शंभरपट वाढली तरी पंधरा-सोळा हजार उरतात.

हा शेवटचा आकडा जरा निरखून बघण्यासारखा आहे. खरखर शंभरपट वाढलेल्या, दोन माणसांना एकमेकांचं बोलणं कसंबसं ऐकू येईल अशा लाइनवरही ९६०० बिटांना जागा शिल्लक राहते. २८,८०० ला मात्र जराशी खरखरही परवडत नाही. मोडेमच्या इतिहासाकडे असं पाहिलं तर १९८४ च्या व्ही ३२ या मानकापर्यंतचा प्रवास, म्हणजे ३०० पासून ९६०० पर्यंतचा, लाइनच्या ऐपतीत राहून झाला. पुढचा टप्पा ऐपतीच्या काठावरचा: १९९१ मध्ये १४,४००, १९९४ मध्ये व्ही ३४ चे २८,८००, त्यानंतर ३३,६००. झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेतल्या गॉटफ्रीड उंगरबोक यांनी चुका ओळखता येतील अशा रीतीने सूर गुंफायची युक्ती काढली नसती तर हा काठ गाठताही आला नसता. अमेरिकेतल्या स्वच्छ लाइनवर तो निभावला. आपल्याकडे तालुक्याच्या गावात त्या काठावर उभं राहणं म्हणजे रोज पडणं.

भारतात हे सगळ्यात आधी ज्यांनी ओळखलं ते मुंबईतले शास्त्रज्ञ होते. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, पाच आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी या संस्था त्यात होत्या. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी एकाच शहरात, तरी त्यांच्यातली पहिली ई-मेलची देवघेव साध्या डायल-अप फोनवरून झाली. पद्धत यूयूसीपी नावाची. पत्रं संगणकात साठवायची, ठरल्या वेळी फोन लावायचा, भराभर देवघेव करायची, फोन ठेवायचा. लाइन तुटली तर राहिलेलं पुढच्या फेरीत. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या या मंडळींनी लाइन तुटणार हे आधीच गृहीत धरलं होतं. फोन जोडून बसायचं नाही, काम उरकून ठेवायचा, हा नियम त्यांनी घालून दिला. पुढे ग्राफिक्सच्या वेबने तो मोडला आणि मग सगळ्यांचे हाल सुरू झाले.

विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा डायल-अपचा वेग ९६०० बिट होता. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत 'शेल' खातं मिळायचं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, पत्रांसाठी पाइन आणि वेबसाठी लिंक्स. चित्रं दाखवणारं टीसीपी/आयपी खातं कित्येक पट महाग. नंबर लागत नाही, लागला तर टिकत नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला, आणि सुरुवात फसल्याचं तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केलं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. खराब लाइनवर गरिबांचं शेल खातं श्रीमंतांच्या खात्यापेक्षा जास्त उपयोगी पडायचं, कारण त्याला लाइनकडून फारसं काही लागतच नव्हतं.

आता मोडेमच्या त्या प्रसिद्ध किंकाळ्यांकडे येऊ. तो गोंगाट म्हणजे दोन मोडेममधली वाटाघाट असते, आणि कान तयार असेल तर तिच्यातून लाइनची तब्येत कळते. आधी डायल टोन, मग बटणांचे सूर, पलीकडची घंटी. उत्तर देणारा मोडेम २१०० हर्ट्झचा लांबलचक सूर धरतो. लांब पल्ल्याच्या लाइनवर प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बसवलेली असतात, ती मोडेमच्या कामात आड येतात, आणि हा सूर ऐकला की ती गप्प बसतात. मग थोडी किलबिल होते, 'मला अमुक येतं, तुला काय येतं' या स्वरूपाची. व्ही ३४ मोडेम असेल तर त्यानंतर एक विचित्र, एकाच वेळी अनेक सुरांचा आवाज येतो. ती लाइनची नाडीपरीक्षा. १५० ते ३७५० हर्ट्झ यांच्या दरम्यानचे सूर एकदम सोडून पलीकडे त्यांतले किती आणि किती जोरात पोचतात ते मोजायचं, आणि त्यावरून वेग ठरवायचा. शेवटी धबधब्यासारखा खळखळाट, म्हणजे दोन्हीकडची यंत्रं एकमेकांचा आवाज कसा वाकडा होऊन येतो हे शिकून घेतायत. स्पीकर बंद झाला की लाइन लागली. हा खळखळाट मध्येच थांबून पुन्हा नाडीपरीक्षेपासून सुरू झाला, तर सायबर कॅफेचा चालक पडद्याकडे न बघताच सांगायचा, आज काही खरं नाही.

वाटाघाटीतली मेख अशी, की ती त्या क्षणाच्या लाइनवर होते. त्या क्षणी लाइन स्वच्छ वाटली तर मोडेम ३१,२०० ला हो म्हणून बसतो, आणि पाच मिनिटांनी खरखर आली की तोंडघशी पडतो. मग तो थांबून पुन्हा शिकतो. तेही जमलं नाही तर फोन ठेवतो.

खरखर येते कुठून? इथे जरा रेंगाळायला हवं, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची लोखंडी चौकट असते, तिथून जाड केबल जमिनीखालून निघते. रस्त्याकडेच्या पिलरमध्ये ती फुटते, पुढे लहान केबल खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या डीपी नावाच्या पेटीपर्यंत, आणि डीपीपासून घरात ड्रॉप वायर. घरात रोझेट, म्हणजे फोन जोडायची डबी. एका ग्राहकाच्या जोडीत असे कितीतरी सांधे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा रोध किलोमीटरला साधारण १७० ओहम भरतो, ०.४ च्या बारीक तारेचा २७० च्या आसपास. हा रोध कायम एवढाच राहिला तर मोडेमची काही तक्रार नसते, शिकताना तो ते समजून घेतो. बिघडतं ते रोध सतत बदलतो तेव्हा. पिळून टेप गुंडाळलेल्या सांध्यात पाणी गेलं, तांबं हिरवं पडलं, की तिथला रोध वाऱ्याने, उन्हाने, बाजूने ट्रक गेला तरी बदलतो. माणसाच्या कानाला तो 'कट्' असा आवाज. मोडेमला त्या एका 'कट्'मध्ये शेकडो बिटांचा चुराडा.

या गंजक्या सांध्याची एक खोड आहे, जी टेलिफोनच्या माणसांना ठाऊक असते आणि ग्राहकाला वेड लावते. फोन यायला लागला की एक्स्चेंज लाइनवर घंटीसाठी ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रवाह सोडतं. तेवढ्या दाबाने सांध्यावरचा गंजाचा पापुद्रा फुटतो आणि लाइन काही काळ स्वच्छ होते. एमडीएफवरून तपासणी केली तरी तेच होतं. म्हणजे तुम्ही १९८ वर तक्रार नोंदवली, एक्स्चेंजने तपासलं, तपासताना दोष पळाला, तक्रारीपुढे 'लाइन ओके' असा शेरा पडला. संध्याकाळी खरखर परत. दोन्ही बाजू खरं बोलतायत आणि दोन्ही एकमेकांवर चिडलेल्या. अशा वेळी उपयोगी पडायचा तो जुना लाइनमन. डीपीचं झाकण उघडून, हँडसेट लावून, एकेक सांधा बोटाने हलवत तो ऐकायचा. नवा सांधा करून दिला की मोडेमचा वेग त्याच दिवशी वाढलेला दिसायचा. कुठल्याही महागड्या मोडेमने एवढा फरक पडत नव्हता.

घरच्या घरी करायची तपासणीही साधी होती. समांतर जोडलेले सगळे फोन काढून टाकायचे, एकच फोन थेट रोझेटला लावायचा, एक आकडा फिरवून डायल टोन थांबवायची आणि त्या शांततेत कान द्यायचा. सूं असा एकसारखा आवाज असेल तर चालतं. घूं असा जाड आवाज म्हणजे विजेच्या तारा जवळून गेल्यात आणि जोडीच्या दोन तारांपैकी एक जमिनीला टेकतेय. कट्-कट् म्हणजे सांधा. मागे दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतंय म्हणजे केबल ओली. हे वर्गीकरण तक्रार करताना सांगितलं तर दुरुस्तीचे दोन हेलपाटे वाचायचे.

येवल्यासारख्या ठिकाणी या सगळ्याला ऋतूंचं वेळापत्रक असतं. नाशिक जिल्ह्याचा हा पूर्वेचा भाग कमी पावसाचा, त्यामुळे कोकणासारखी चार महिने केबल पाण्यात बुडून राहत नाही. पण मे अखेरीस वळवाचा पाऊस येतो तो विजा घेऊन. महिनोन्‌महिने तापलेली कोरडी जमीन अर्थिंगला साथ देत नाही, वीज तारेवरून घरात शिरते आणि मोडेम आधी जातो. आभाळ भरून आलं की फोनची वायर मोडेममधून उपसून ठेवायची, हे शहाणपण बहुतेकांना पहिला मोडेम जळाल्यावर आलं. दुसरा धोका संक्रांतीचा. येवल्याचा पतंगोत्सव म्हणजे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर. डीपीपासून घरापर्यंत लोंबणाऱ्या ड्रॉप वायरीत मांजा अडकणार, पोरं तो ओढणार. तार तुटली तर बरंच, निदान दोष दिसतो. नुसती ताणली गेली, आतला सांधा सैल झाला, तर पुढचे कित्येक आठवडे मोडेम का पडतोय ते कळायचं नाही.

तांब्याच्या पलीकडे एक्स्चेंज आणि एक्स्चेंजच्या पलीकडे नाशिक-मुंबईकडे जाणारी जोडणी. इथे आपली बाजू त्या मानाने चांगली होती. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट स्थापन झालं, आणि त्यांनी वातानुकूलनाशिवाय चालणारं, १२८ जोडण्यांचं छोटं डिजिटल ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्यामुळे नव्वदच्या दशकात खेड्यांतली एक्स्चेंजेसही डिजिटल होत गेली. ५६ चा मोडेम बाजारात आला तेव्हा हे फार महत्त्वाचं ठरायला हवं होतं. १९९८ च्या व्ही ९० या मानकाची सगळी करामत एका अटीवर उभी आहे: इंटरनेट कंपनीपासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत सगळा मार्ग डिजिटल हवा, आवाजाचं रूपांतर वाटेत फक्त एकदा, तुमच्या एक्स्चेंजमध्ये, व्हायला हवं. मध्ये कुठेही जुन्या पद्धतीची ॲनालॉग जोडणी आली की ५६ चा मोडेम मुकाट्याने ३३.६ चा होतो. त्यात तुमचं घर एक्स्चेंजपासून चार किलोमीटर असेल तर आणखी खाली. खोक्यावर छापलेला ५६ हा आकडा तालुक्याच्या गावात क्वचितच कुणी पाहिला असेल. एक्स२ आणि के५६फ्लेक्स या ५६ च्या दोन प्रतिस्पर्धी पद्धतींच्या कंपूंचं त्याआधीचं भांडण तर आपल्या दृष्टीने निव्वळ करमणूक होती.

खेड्यांत आणखी एक अडचण. बऱ्याच गावांना पहिला फोन एमएआरआर या रेडिओ यंत्रणेवरून मिळाला, नंतर डब्ल्यूएलएल, म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंतची बिनतारी जोडणी, आलं. वाचकांपैकी काहींना आठवत असेल, डब्ल्यूएलएलच्या फोनवर बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, पण मोडेम लावला की लाइन लागायचीच नाही. कारण उघड आहे. डब्ल्यूएलएलचा सीडीएमए फोन आवाज दाबून, त्यातलं फक्त बोलण्यापुरतं सत्त्व ठेवून पाठवतो. मोडेमचा खळखळाट त्या यंत्राला बोलणं वाटत नाही. म्हणून तिथे मोडेमऐवजी डेटा केबलचा रस्ता काढावा लागला. मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने बनवलेल्या कॉरडेक्ट या बिनतारी यंत्रणेने वेगळी वाट धरली. त्याने सेकंदाला ३५ किंवा ७० हजार बिटांची इंटरनेटची सोय आवाजापासून वेगळीच दिली, आणि ती वाट बरोबर होती.

एवढं सगळं मान्य करूनही मोडेमपाशी बसलेल्या माणसाच्या हातात काही होतं का? होतं, आणि ते फुकट होतं. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आलेली 'एटी' ने सुरू होणाऱ्या आज्ञांची भाषा जवळजवळ प्रत्येक मोडेमला कळायची. एक्स्चेंजची डायल टोन परदेशी मोडेमला ओळखू यायची नाही आणि तो 'नो डायल टोन' म्हणून हटून बसायचा, तर एटीएक्स३ लिहायचं, म्हणजे टोनची वाट न बघता तो नंबर फिरवायचा. जुनं स्ट्रोजर एक्स्चेंज असेल तर एटीडीटीऐवजी एटीडीपी, म्हणजे सुरांऐवजी टिक्‌टिक् करून डायल. एसटीडीच्या शून्यानंतर एक स्वल्पविराम टाकला की दोन सेकंदांची उसंत. आणि एस१० नावाचं एक घर: पलीकडचा सूर हरवला तर किती वेळ थांबून फोन ठेवायचा, ते त्यात दशांश सेकंदांत लिहायचं. बहुतेक मोडेममध्ये तिथे १४ असे, म्हणजे दीड सेकंदाच्या आतच मोडेम आशा सोडून द्यायचा. ते ८०-१०० केलं की सांध्याच्या छोट्या झटक्यांतून लाइन तगून जायची. सगळ्यात गुणकारी उपाय मात्र कुणाला आवडायचा नाही: मोडेमला वरचा वेग बांधून देणे. ३१,२०० ला जोडून दर दहा मिनिटांनी पडण्यापेक्षा १४,४०० ला बांधून तासभर टिकलेलं बरं. त्रैराशिक मांडून दाखवलं तरी लोक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला मोठा आकडा सोडायला तयार नसत.

चुका दुरुस्त करायचं काम मोडेममधलंच व्ही ४२ करत असे. तारमास्तर न समजलेला शब्द पलीकडून परत मागवून घ्यायचा तसं हे यंत्र बिघडलेला तुकडा परत मागवतं. त्यामुळे पडद्यावर कचरा येणं थांबलं, पण खराब लाइनवर परत मागवण्यातच वेळ जाऊ लागला. लाइन लागलेली दिसते आणि पान मात्र हलत नाही, हा अनुभव तिथून आला. संगणकाचा सिरियल पोर्ट जुना, १६५५० चिपशिवायचा असेल तर आलेली अक्षरं तिथेच सांडायची. स्वस्त विनमोडेम तर आपलं गणित संगणकाच्या प्रोसेसरकडूनच करून घेत असल्यामुळे प्रोसेसर गुंतला की लाइन सोडायचे. बाहेरचा मोडेम घ्या, एवढं सांगून हा विषय संपतो.

भरवसा लाइनवर नसेल तर तो वरच्या थरात आणता येतो, हे काही लोकांनी नीट ओळखलं. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीत तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे सुरू करता यायची. मराठी वृत्तपत्रांचं उदाहरण बोलकं आहे. तालुक्याच्या बातमीदाराचं पाकीट पूर्वी एसटी बसने शहरात जायचं, मग फॅक्स आला, मग मोडेम. चारशे शब्दांची मराठी बातमी त्या काळच्या आठ-बिटी फाँटमध्ये तीन किलोबाइटच्या आत बसते. ९६०० च्या लाइनवर ती तीन-चार सेकंदांत जाते. शंभर किलोबाइटचा फोटो दीड मिनिट घेतो. दोन मिनिटं टिकणारी लाइन असली तरी पहिलं पान अडत नव्हतं. अडायचे ते लोक वेगळे, ज्यांना लाइनवर तासन्‌तास बसायचं होतं.

बाजार समित्यांचंही तसंच. मार्च २००० मध्ये सुरू झालेल्या ॲगमार्कनेट योजनेत समित्यांना संगणक आणि डायल-अप जोडणी मिळाली. दिवसाची आवक, किमान-कमाल भाव आणि सरासरी, एवढा मजकूर एखाद्या किलोबाइटचा. कांद्याच्या पट्ट्यात त्याची किंमत मोठी, वजन मात्र नगण्य. याहून हुशार उदाहरण कार्ड घासायच्या मशीनचं. पैठणीच्या दुकानात पाहुणीने कार्ड दिलं की मशीन फोन लावायचं, आणि त्याच्या पोटातला मोडेम १२०० किंवा २४०० बिटांचा असायचा. बाजारात ५६ चे मोडेम मिळत असतानाही. व्यवहाराची माहिती काहीशे अक्षरांची, आणि जुन्या मानकाची वाटाघाट दोन-तीन सेकंदांत उरकते. जलद मोडेम नुसतं बोलणं जुळवायलाच पंधरा-वीस सेकंद घेतो. मशीन बनवणाऱ्यांनी हिशेब केला आणि हळू मोडेम निवडला. महाराष्ट्रातल्या साध्या लाइनवरचा सगळ्यात भरवशाचा मोडेम कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी त्या मशीनकडे बोट दाखवीन.

याच्या उलट टोकाला वारणानगर. १९९८ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान कार्यगटाच्या पुढाकाराने कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा राहिला. गावोगाव संगणक, ते साखर कारखान्याच्या केंद्राला जोडलेले, आणि शेतकऱ्याला शेतीची माहिती, बाजारभाव, सगळं गावात. त्याचं फार कौतुक झालं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या गटाने जाऊन पाहिलं तेव्हा ते संगणक प्रामुख्याने उसाचं वजन, तोडणीची पाळी, खताची उचल या नोंदींसाठी वापरले जात होते. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून हीच कामं एसएमएसवर करून दाखवली. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती १६० अक्षरांत मावत होती. वारणेत पैसा होता, सहकाराची घडी होती. चूक झाली ती गरज मोजण्याआधी यंत्रं मोजण्यात.

सन २००० च्या आसपास तालुक्यांचं एक मोठं दुखणं गेलं. १७२ ने सुरू होणारे नंबर आले, बीएसएनएलच्या संचारनेटचा १७२२२२ तर कित्येकांना अजून पाठ असेल, आणि इंटरनेट लोकल कॉलच्या दरात आलं. लगेच दुसरं दुखणं सुरू झालं. संध्याकाळी नंबर एंगेज, कारण पलीकडच्या मोडेमची संख्या मोजकी. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी सायबर कॅफेबाहेर रांग आणि आत एंगेज टोन. त्यात भारनियमन. लाइन एक्स्चेंजच्या बॅटरीवर जिवंत, संगणक मात्र बंद. भरवशाच्या जोडणीत युपीएसची बॅटरीही मोजावी लागते, हे मोडेमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं. २५६ हजार बिटांच्या वरचं ते ब्रॉडबँड, अशी व्याख्या आदल्या वर्षीच्या धोरणात केली होती. फोन आणि इंटरनेट एकाच वेळी, मीटर नाही, किंकाळ्या नाहीत. पण तार तीच. उलट एडीएसएल ११ लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं, त्यामुळे बोलताना ऐकूही न येणारा सांध्याचा दोष त्याला लागतो. मोडेमच्या काळात ज्यांनी लाइन नीट करून घेतली होती, त्यांचं ब्रॉडबँड पहिल्या दिवसापासून चाललं. बाकीच्यांनी 'लिंक'चा हिरवा दिवा लुकलुकताना बघत पुन्हा १९८ फिरवला.

आता तांब्याची जागा फायबर घेतं आहे, आणि अमेरिकेत एओएलने डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. तरी प्रश्नाचं एक शेपूट उरलं आहे. जुन्या कचेऱ्यांतले फॅक्स, धोक्याची सूचना फोनवरून देणारी पॅनेल्स, लांबून दुरुस्त होणारे ईपीएबीएक्स, यांच्या पोटात अजून मोडेम आहेत, आणि फोनची लाइन फायबरवर गेल्यावर ते अडखळतात. फायबरवर खरखर अजिबात नसते, पण आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या पाकिटांत जातो. एखादं पाकीट हरवलं किंवा मागे-पुढे झालं तर बोलणाऱ्याला कळत नाही, मोडेमचा ताल मात्र चुकतो. अशा ठिकाणी जोडणी देणाऱ्याकडून आवाजासाठी न दाबणारं जी ७११ कोडिंग मागून घ्यावं, फॅक्ससाठी टी ३८ ची सोय असेल तर चालू करून घ्यावी, आणि यंत्राचा वेग ९६०० वर बांधावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर ४८०० वर आणून पाहावं.